डोंगरवाटेवर जोडीने लाँग रन: चढावर मी मागे, उतारावर ते मागे

प्रश्न

आम्ही पती-पत्नी गेली तीन वर्षे एकत्र धावत आहोत. सपाट रस्त्यावर आमच्यातला फरक कधी जाणवला नाही. बोलत बोलत धावताना त्यांना एका किलोमीटरला ६ मिनिटे लागतात आणि मला ६ मिनिटे ४० सेकंद. ते थोडे सावकाश होतात, मी थोडी पावले उचलते, आणि दोन तास कसे जातात ते कळत नाही. आता अकरा आठवड्यांनी ३० किलोमीटरच्या एका डोंगरी शर्यतीत भाग घ्यायचे आम्ही ठरवले आहे आणि त्यासाठी रविवारची लांब पल्ल्याची धाव आम्ही रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटेवर नेली आहे.

गेल्या रविवारी आम्ही २२ किलोमीटर धावलो. एकूण चढ साधारण ९०० मीटर होता आणि तो चार मोठ्या टेकाडांमध्ये विभागलेला होता. पहिल्याच चढावर ते पुढे निघून गेले आणि माथ्यावर माझी वाट पाहत थांबले. मी पोहोचले तेव्हा त्यांचा श्वास पूर्ण शांत झाला होता, पाणी पिऊन झाले होते, आणि मला पाहताच ते उठून चालू लागले. चारही माथ्यांवर असेच घडले. त्यांनी मुद्दाम काही केले असे मी म्हणणार नाही, कारण दर वेळी त्यांनी अगदी काळजीने विचारले, ‘बरी आहेस ना?’ आणि मीही दर वेळी हो म्हटले. प्रत्यक्षात तिसऱ्या चढानंतर माझ्यात त्राण उरले नव्हते. उतारावर मात्र उलटे होते. मला उतरताना भीती वाटत नाही, पाय आपोआप पडत जातात. त्यांची पावले जड पडतात आणि दगडगोट्यांच्या वाटेवर ते फार जपून उतरतात. शेवटच्या उतारावर मी खाली पोहोचून त्यांची वाट पाहिली. एकूण ३ तास ५० मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी मी थकलेली होते, पण चालू शकत होते. त्यांना मात्र दोन दिवस जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

माझे प्रश्न असे आहेत. डोंगरात आम्ही एकत्र धावण्याचा हट्ट सोडून द्यावा का? एकत्रच धावायचे असेल तर वेग कोणाचा धरावा? आणि चढावर मी चालू लागते, तो माझा सराव कमी पडल्याचा पुरावा समजावा का? आम्हा दोघांनाही ही शर्यत एकत्र पूर्ण करायची मनापासून इच्छा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिले.

उत्तर १

आपण वर्णन केलेल्या धावेत मला एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती म्हणजे माथ्यावरचे थांबणे. प्रत्येक चढावर आपले पती चार-पाच मिनिटे आधी पोहोचले असे धरले, तर चार चढांत त्यांना वीस मिनिटांच्या आसपास विश्रांती मिळाली आणि आपल्याला एक मिनिटही मिळाली नाही, कारण आपण पोहोचण्याचा क्षण हाच निघण्याचा क्षण ठरत होता. जो अधिक दमलेला असतो त्यालाच थांबायला मिळत नाही, हा जोडीने धावणाऱ्यांच्या बाबतीत सर्वत्र घडणारा अन्याय आहे आणि तो कोणाच्याही मनात नसताना घडतो.

याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. लांब पल्ल्याची धाव ज्या हेतूने केली जाते तो हेतू आपल्या दोघांचाही साधला गेला नाही. आपले पती चढावर जोर लावत होते आणि माथ्यावर पूर्ण शांत होत होते, म्हणजे त्यांच्यासाठी ती तुकड्यातुकड्यांची जोरकस धाव झाली. आणि आपण चार तासांचा बराच भाग दम लागलेल्या अवस्थेत काढला, म्हणजे आपल्यासाठी ती जवळजवळ शर्यतच झाली. या धावेत हृदय, स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि चरबीपासून ऊर्जा मिळवण्याची शरीराची क्षमता या गोष्टी घडत असतात, आणि त्या घडण्यासाठी दीर्घकाळ मध्यम, अखंड श्रम लागतात. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येणे ही त्याची सोपी कसोटी आहे. ही कसोटी सपाटीवर आपण आपोआप पाळता. डोंगरात ती दोघांकडूनही सुटली.

आता वेगाविषयी. डोंगरात मिनिटे-प्रति-किलोमीटर हे माप बाजूला ठेवावे, कारण ते तिथे दिशाभूल करते. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अल्बर्टो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या उतार-चढांवर धावण्यासाठी लागणारी ऊर्जा मोजली. सपाटीवर एक किलो वजन एक मीटर पुढे नेण्यासाठी साधारण ३.४ ज्यूल लागतात; त्यांच्या सूत्रानुसार १० टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर चढावे लागते तिथे, हा खर्च सपाटीच्या पावणेदोनपट आणि २० टक्के चढावर अडीचपटीहून अधिक होतो. म्हणजे सपाटीवर ४० सेकंदांचा जो फरक तुम्ही दोघे सहज मिटवत होता, तोच चढावर किलोमीटरमागे मिनिटाहून अधिक होतो. तो मिटवण्यासाठी आपण थोडे अधिक जोराने धावावे ही अपेक्षा शरीराकडून पूर्ण होणारी नाही. सपाटीवर राखून ठेवलेली थोडी ताकद वापरून फरक भरून काढता येतो. चढावर ती राखीव ताकद आधीच कामाला लागलेली असते.

अंतराचा अंदाजही नव्याने बांधायला हवा. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली डोंगरातील चालीसाठी एक नियम मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. त्यातून निघणारे गुणोत्तर असे की १०० मीटरचा चढ हा जवळजवळ ८०० मीटर सपाट अंतराएवढा धरावा, आणि डोंगरी धावण्यासाठीही हे गुणोत्तर बऱ्यापैकी लागू पडते. त्या हिशेबाने आपले २२ किलोमीटर हे सपाटीच्या २९ किलोमीटरांएवढे होतात. आपल्या रोजच्या वेगाने २९ किलोमीटरांना सव्वातीन तास लागले असते. पायवाटेचा खडबडीतपणा, थांबे आणि शेवटचा थकवा मिळवला तर ३ तास ५० मिनिटे ही वेळ अजिबात वाईट नाही. आपल्याला आपण कमी पडलो असे वाटते आहे, पण आकडे तसे सांगत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी आहे की पुढच्या धावेत किलोमीटर ठरवू नका, वेळ ठरवा. आणि चढावर पुढे आपण राहा. ज्याला चढ अधिक जड जातो त्याने पुढे राहून चाल ठरवायची आणि दुसऱ्याने मागून यायचे, एवढ्या एका बदलाने बराच फरक पडतो. मागे असलेल्या माणसाला पुढच्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून तो ढकलत नाही. पुढे असलेल्याला पाठलाग करावा लागत नाही, म्हणून तो आपल्या दमाने चढतो. माथ्यावर थांबायचे असेल तर पुन्हा केव्हा निघायचे हे नंतर पोहोचलेल्या व्यक्तीने सांगावे. ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘हो’ असेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘किती मिनिटे थांबू या?’ असे विचारले की खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण चर्चा चढावरच थांबू नये असे मला वाटते, कारण आपल्या पतींचे खरे नुकसान उतारावर झाले आहे आणि पुढच्या दहा-अकरा आठवड्यांत त्यांची तयारी तिथेच व्हायला हवी.

मिनेत्ती यांच्या त्याच मोजमापात असे दिसते की साधारण २० टक्के उतारावर धावण्याचा ऊर्जाखर्च सर्वांत कमी, सपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे उतारावर श्वास शांत असतो, मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोकेही कमी दिसतात, आणि आपण विश्रांती घेत आहोत असे वाटते. परंतु त्या वेळी मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलत असतात, आणि तेही ताणले जात असताना. स्नायू आखडत असताना काम करतो त्यापेक्षा ताणला जात असताना काम करतो तेव्हा त्याच्या तंतूंना अधिक सूक्ष्म इजा होते. ती वेदना लगेच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक असते. आपल्या पतींना जिना चढताना नव्हे तर उतरताना त्रास झाला, हे याचेच लक्षण आहे.

जपून उतरणारा माणूस अधिक दुखावला जातो, ही गोष्ट नव्याने डोंगरात येणाऱ्यांना पटत नाही. घसरण्याच्या भीतीने शरीर मागे झुकते, पाऊल लांब पडते, टाच आधी टेकते आणि गुडघा जवळजवळ सरळ राहतो. म्हणजे प्रत्येक पाऊल हा एक ब्रेक असतो आणि त्याचा सगळा धक्का मांडी व गुडघा घेतात. त्यांनी पावले आखूड आणि जलद टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, घोट्यांपासून शरीर अगदी थोडे पुढे द्यावे, हात बाजूंना मोकळे सोडावेत, आणि नजर पायाजवळ न ठेवता चार-पाच मीटर पुढे ठेवावी. पावलांची संख्या नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावर येणारा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेतील मोजमापांत दिसून आले आहे.

इथे आपला उपयोग त्यांना होईल. आपण चांगले उतरता, तर उतारावर आपण आठ-दहा पावले पुढे राहा आणि त्यांना आपली रेघ पकडून येऊ द्या. कुठे पाऊल टाकायचे हा निर्णय पुढच्याने घेतला की मागच्याचे अर्धे दडपण जाते. अंतर मात्र याहून कमी करू नका, कारण मागच्याला पुढची जमीन दिसायला हवी. आणि सुट्या दगडांचा घसारा असेल तिथे एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने कधीही राहू नये. तिथे एकेकाने उतरावे किंवा तिरकस, वेगवेगळ्या रेघांनी उतरावे. हा नियम मी स्वतः एकदा पाळला नाही आणि माझ्या पायाखालून सुटलेला दगड माझ्या पत्नीच्या पोटरीवर बसला. सुदैवाने खरचटण्यावर निभावले, पण तो आवाज मला अजून आठवतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी की एकदा असे दुखून गेले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतरणीने स्नायू तेवढे दुखावत नाहीत. शरीर हा धडा फार लवकर शिकते. त्यामुळे त्यांनी दर दहा-बारा दिवसांनी उतरणीचा थोडा सराव ठेवावा, सुरुवातीला माती किंवा गवताच्या सौम्य उतारावर, आणि शर्यतीच्या आधी सुमारे दोन आठवडे शेवटची मोठी उतरण करून नंतर पाय मोकळे ठेवावेत. दर रविवारी ९०० मीटर चढ-उतार करण्याची मात्र गरज नाही. एक आठवडा डोंगर आणि एक आठवडा सौम्य वाट असे आलटूनपालटून केले तरी चालेल.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. माथ्यावर त्यांना विश्रांती मिळते आणि मला मिळत नाही, हे मला चार तास जाणवत होते, पण इतक्या स्पष्टपणे मांडता आले नव्हते. हे उत्तर मी त्यांना वाचायला दिले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की आपण वर थांबतो म्हणजे तुला साथ देतो, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते.

त्यांची एक शंका आहे आणि ती मला रास्त वाटते. चढावर मी पुढे राहिले आणि ते माझ्या चालीने चढले, तर त्यांचा सराव अपुरा राहणार नाही का? आणि चढावर चालण्याविषयीचा माझा प्रश्न अजून बाकी आहे. शर्यतीच्या मार्गावर एक चढ असा आहे की तिथे पुढच्या माणसाच्या टाचा आपल्या डोळ्यांसमोर येतात.

उत्तर ३

चालण्याविषयी आधी लिहितो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. कोलोरॅडो विद्यापीठात तीव्र चढाच्या ट्रेडमिलवर डोंगरी धावपटूंची चाचणी घेण्यात आली तेव्हा असे दिसले की साधारण १६ अंशांपेक्षा, म्हणजे सुमारे २८ टक्क्यांपेक्षा, अधिक चढावर तेवढीच उंची तेवढ्याच वेळात गाठायची असेल तर धावण्यापेक्षा चालण्याला कमी ऊर्जा लागते. हे धावपटू कसलेले होते. आपल्यासारख्यांना चालणे याहून बऱ्याच सौम्य चढावरही हिताचे ठरते, कारण तिथे धावू गेल्यास श्रमाची मर्यादा ओलांडली जाते. टाचा डोळ्यांसमोर येणाऱ्या चढावर चालणे हेच कौशल्य आहे. फक्त ते रमतगमत चालणे नसावे. हातांनी मांडीवर दाब देत, आखूड आणि एकसारखी पावले टाकत, श्वास पावलांशी जुळवत चढण्याची सवय करावी लागते आणि ती वेगळी शिकावी लागते. रोज धावणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या आणि पाठीचा खालचा भाग या चालीला सरावलेला नसतो.

आता मतभेदाचा मुद्दा. वरच्या उत्तरांनी एकत्र धावणे कसे साधावे ते उत्तम सांगितले आहे, परंतु प्रत्येक लांब धाव एकत्रच असावी हे मला पटत नाही. आपल्या पतींची शंका रास्त आहे आणि ती आपल्यालाही तेवढीच लागू होते. जोडीदाराच्या सोबत असताना आपण आपल्या शरीराकडे लक्ष देण्याऐवजी त्याच्याकडे लक्ष देतो. तो कंटाळला असेल का, त्याला थंडी वाजत असेल का, हा विचार मनात येतो आणि आपली स्वतःची चाल कोणती ते कळतच नाही. म्हणून तीन धावांतील एक धाव तरी आपापल्या दमाने करावी.

त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली रीत अशी आहे. एकाच वाटेवर एकाच वेळी निघावे, प्रत्येकाने आपल्या वेगाने जावे, आणि ठरलेल्या वेळी, समजा दीड तासाने, जो जिथे असेल तिथून परत फिरावे. जो वेगवान आहे तो अधिक दूर गेलेला असतो, त्यामुळे परतीचे अंतर त्याला अधिक असते आणि दोघेही साधारण एकाच वेळी सुरुवातीच्या जागी पोहोचतात. वाट पाहणे नाही, पाठलाग नाही, आणि वेगवान माणूस परतीच्या वाटेवर नेहमी मागे असल्याने पुढच्याला काही झाले तर तो तिथे येऊन पोहोचतोच. वाट सोपी, ओळखीची आणि फाटे नसलेली असावी ही मात्र अट आहे. अनोळखी डोंगरात ही रीत वापरू नये.

एकत्र धावतानाही त्यांना अधिक काम देता येते. सौम्य चढावर त्यांनी थोडे पुढे जावे आणि माथ्यावर न थांबता वळून आपल्यापर्यंत खाली यावे, मग आपल्या मागून पुन्हा चढावे. यात त्यांचा चढही वाढतो आणि उतरणीचा सरावही होतो, आणि आपल्याला थांबलेल्या माणसाकडे पाहत चढावे लागत नाही.

पण तेवढे न करताही त्यांचे काही बिघडणार नाही, हे मी ठामपणे सांगेन. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावपटूंकडून ऑकलंडजवळच्या डोंगराळ वाटेवर २२ मैलांची, म्हणजे ३५ किलोमीटरांची, लांब धाव नियमित करून घेतली, आणि त्या धावपटूंमध्ये ८०० मीटर धावणारे पीटर स्नेलही होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि त्यांच्याच गटातील मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी जर दोन-अडीच तासांची अखंड धाव पायाभूत ठरत असेल, तर चार तासांहून अधिक चालणाऱ्या शर्यतीसाठी संयमाने केलेली धाव वाया जाईल ही भीती निराधार आहे. शिवाय अमेरिकेतील १४ मॅरेथॉन शर्यतींच्या निकालांच्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की उत्तरार्धात पुरुषांचा वेग सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावला आणि स्त्रियांचा ११.७ टक्क्यांनी. सरासरीवरून एका जोडप्याचे भविष्य सांगता येत नाही, पण सुरुवातीला राखून धावण्याचा फायदा आपल्यापेक्षा आपल्या पतींना अधिक होण्याची शक्यता आहे.

उत्तर ४

तांत्रिक बाजू वर आली आहे. मी फक्त पाणी आणि सामान यांविषयी लिहिते, कारण जोडप्यांच्या चुका इथे वेगळ्या असतात.

पहिली चूक म्हणजे दोघांनी सारखे पाणी पिणे. एकाने बाटली काढली की दुसराही पितो, आणि प्रेमापोटी ‘तूही घे’ असा आग्रह होतो. वजनाने हलकी आणि अधिक वेळ धावणारी व्यक्ती अशा वेळी गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊ शकते, आणि त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा १३ टक्के लोकांचे सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी आढळले; धावताना वजन वाढणे आणि चार तासांहून अधिक वेळ लागणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. तहान लागेल तसे प्यावे, प्रत्येकाने आपल्या तहानेप्रमाणे. खाण्याचे मात्र उलटे आहे. तिथे भुकेची वाट पाहू नये. पहिल्या पाऊण तासापासूनच थोडे थोडे खायला सुरुवात करून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे. तिसऱ्या चढानंतर आपल्यात त्राण उरले नव्हते असे आपण लिहिले आहे. त्या वेळेपर्यंत आपण काय खाल्ले होते, हे एकदा आठवून पाहा.

दुसरी चूक म्हणजे सामानाची संसारासारखी वाटणी करणे, एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे फोन. दोघे सतत हाताच्या अंतरावर असाल तर ठीक, पण डोंगरात दोनशे मीटरचे अंतर पडायला एक वळण पुरते. शिट्टी, पाण्याची एक बाटली, थोडे खाणे, अंगावर चढवायचा एक कोरडा पातळ कपडा आणि चालू फोन या गोष्टी प्रत्येकाकडे स्वतंत्र हव्यात. डोंगरातील संकटाची अनेक देशांत मान्य असलेली खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा सहा. ती ऐकू आल्याचे उत्तर म्हणजे मिनिटाला तीन शिट्ट्या. हे दोघांनाही पाठ असावे. घोटा मुरगळला तर धावताना ऊब देणारे शरीर पाच-दहा मिनिटांत गारठू लागते, म्हणून तो कोरडा कपडा आवश्यक.

एवढे प्रत्येकाकडे ठेवल्यावर उरलेले वजन आपल्या पतींनी घ्यावे. १९६८ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेली दोन दिवसांची डोंगरी मॅरेथॉन तेव्हापासून जोडीने धावली जाते, आणि अशा शर्यतींत जोडीदारांनी एकत्र राहणे बंधनकारक असल्याने अधिक दमदार व्यक्तीने अधिक ओझे घेणे ही तिथली रुळलेली पद्धत आहे. दोन-तीन किलोंच्या ओझ्यानेही चढावरचा फरक बराच कमी होतो. मात्र उतारावर तेच ओझे त्यांच्या मांड्यांवर येईल, म्हणून त्यांच्या पाठीवरचे पाणी आधी संपवावे आणि मोठ्या उतरणीआधी सामान पुन्हा वाटून घ्यावे.

आणखी एक, जे मी अनुभवातून शिकले. परत फिरायचे की नाही याचा निर्णय ज्याने आधी परत फिरू या म्हटले त्याचाच राहील, आणि त्यावर वाटेत चर्चा होणार नाही, हे निघण्यापूर्वी घरीच ठरवा. दमलेल्या माणसाला आपले म्हणणे सिद्ध करायला लावणे क्रूर आहे, आणि डोंगरात ते धोक्याचेही आहे. तसेच ‘आता अगदी थोडेच राहिले आहे’ हे वाक्य खरे असेल तेव्हाच उच्चारावे.

प्रश्नकर्ती

दोन रविवार झाले, म्हणून पुन्हा लिहीत आहे. पहिल्या रविवारी आम्ही मऊ मातीच्या वाटेवर दीड तास जाऊन परत फिरण्याची रीत वापरली. मी सुरुवातीच्या जागी पोहोचल्यानंतर तीन मिनिटांनी ते आले. एकटीने चढताना माझ्या लक्षात आले की माझी चढाची स्वतःची एक चाल आहे आणि ती मला वाटत होती त्यापेक्षा संथ आहे, पण त्या चालीने मी न थांबता वर पोहोचते. पहिल्या तासात मी काही खात नव्हते, हेही त्याच दिवशी पकडले.

काल आम्ही पुन्हा त्याच २२ किलोमीटरच्या वाटेवर गेलो. चारही चढांवर मी पुढे होते. पहिल्या माथ्यावर मी मागच्या वेळेपेक्षा एक मिनिट उशिरा पोहोचले आणि चौथ्या माथ्यावर सहा मिनिटे आधी. जास्तीचे पाणी त्यांच्या पाठीवर होते. प्रत्येक माथ्यावर ‘किती मिनिटे?’ असे त्यांनी विचारले आणि मी दोन, एक, दोन आणि शेवटी शून्य असे सांगितले. दुसऱ्या चढाच्या मध्यावर मी बोलता बोलता एक वाक्य पूर्ण केले आणि आम्हा दोघांनाही ते एकाच वेळी जाणवले. एकूण वेळ ३ तास ३८ मिनिटे झाली.

उतारावर अजून काम बाकी आहे. घसाऱ्याच्या जागी आम्ही एकेक करून उतरलो आणि इतरत्र ते माझ्या मागून आठ-दहा पावलांवर आले, पण वाट अरुंद झाली की त्यांचे शरीर अजूनही मागे झुकते, आणि आज त्यांच्या मांड्या दुखत आहेत, मात्र जिना त्यांनी कठडा न धरता उतरला. येत्या रविवारी आम्ही डोंगर घेणार नाही. जवळच्या गवताळ टेकडीवर एक तास फक्त उतरण्याचा सराव करू, तिथे मी पुढे असेन आणि चढताना दोघेही चालत जाऊ.